टेबल, फळी आणि रथ : इंग्रजी तत्त्वचिंतनातील नित्य वस्तूंच्या दृष्टान्तांची चिकित्सा

इंग्रजी भाषेत तत्त्वचिंतन करणाऱ्या लेखकांची एक सवय मराठी वाचकाच्या लवकरच ध्यानात येते. अस्तित्व, ज्ञान, कार्यकारणभाव, आत्मा असा कोणताही गहन विषय असो, हे लेखक हाताशी असलेली एखादी साधी वस्तू उचलतात आणि तिच्यावर आपला सिद्धान्त तपासून दाखवितात. बर्कली ह्यांनी १७१० साली आपले लिहिण्याचे टेबल घेतले. ह्यूम ह्यांनी १७४८ साली बिलियर्डचे चेंडू घेतले. पेली ह्यांनी १८०२ साली घड्याळ घेतले, रसेल ह्यांनी १९१२ साली पुन्हा टेबलच घेतले आणि मूर ह्यांनी १९३९ साली ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात बाह्य जगाचा पुरावा म्हणून स्वतःचे दोन हात वर करून दाखविले. ह्या सवयीचे गुणदोष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात ह्या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. एक कारण असे की, तिपिटकातील उपदेशही उपमांच्या आधारे पुढे सरकतो आणि त्या उपमांतील वस्तू बहुधा नित्य वापरातल्याच असतात. म्हणून दोन्ही परंपरांची तुलना बोधप्रद ठरते. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. अनत्त आणि सुञ्ञता समजावून सांगताना अलीकडे अनेक वक्ते इंग्रजी ग्रंथांतील टेबल जसेच्या तसे उचलतात. विज्ञानाने टेबल पोकळ ठरविले, म्हणून तथागतांची सुञ्ञता सिद्ध झाली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. श्रोत्यांना तो आवडतोही. परंतु आमच्या मते ह्यात धम्माचा गौरव नसून हानी आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी मूळ दृष्टान्तांकडेच जावयास हवे.

१. टेबल

बर्कली ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मी ज्या टेबलावर लिहितो ते आहे, म्हणजे मला ते दिसते व स्पर्शाने जाणवते; मी खोलीबाहेर गेलो तर ते आहे ह्याचा अर्थ एवढाच की, मी खोलीत असतो तर मला ते जाणवले असते, किंवा अन्य कोणा चित्ताला ते जाणवत आहे. ह्यूम ह्यांनी दाखविले की, आपण टेबलापासून दूर जातो तसतसे ते लहान दिसते. टेबल मात्र लहान होत नाही. रसेल ह्यांनी 'तत्त्वज्ञानाचे प्रश्न' ह्या आपल्या छोट्या ग्रंथाच्या आरंभीच ह्याच टेबलाचा रंग, पोत व आकार एकेक करून तपासले. प्रकाश बदलला की रंग बदलतो, सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत दिसतो, उभे राहण्याची जागा बदलली की आकार बदलतो. मग खरे टेबल कोणते, आणि ते आहे तरी का, हा त्यांचा प्रश्न. रसेल ह्यांनी टेबल नाकारले नाही; पुढच्याच प्रकरणात जडवस्तूचे अस्तित्व मानणे हेच अधिक साधे व सुसंगत असल्याचे त्यांनी मान्य केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

ह्या पद्धतीचा मोठा गुण आम्ही प्रथम नमूद करतो. ग्रंथप्रामाण्य बाजूला ठेवून वाचकाच्या स्वतःच्या डोळ्यांना व हातांना साक्षीस बोलाविणे ही समतेची कृती आहे. रसेल ह्यांचा तो ग्रंथ एका शिलिंगात मिळणाऱ्या लोकशिक्षणाच्या मालिकेत निघाला. ज्याला ग्रीक वा लॅटिन येत नव्हते, अशा वाचकालाही आपल्या समोरच्या टेबलावर तो युक्तिवाद पडताळता येत होता. ज्या देशात ज्ञानाचा अधिकार जन्मावरून ठरविला गेला आणि शब्दप्रामाण्य हे शेवटचे प्रमाण मानले गेले, त्या देशातील आमच्यासारख्यांनी ह्या गुणाचे मोल कमी लेखू नये.

परंतु गुणाच्या पाठीमागेच दोष उभा आहे. ह्या टेबलाला रंग आहे, आकार आहे, ठोकले असता आवाज आहे. पण ते घडविणारा सुतार नाही, ते पुसणारी बाई नाही, त्याची किंमत नाही आणि त्यावर कोणाला बसू दिले जाते ह्याचा उल्लेखही नाही. तत्त्वज्ञ खुर्चीवर एकटा बसलेला आहे आणि टेबल केवळ दिसण्यासाठी आहे. ही उणीव इंग्रजीतील एका कादंबरीकर्त्रीने मार्मिकपणे टिपली. व्हर्जिनिया वुल्फ ह्यांच्या १९२७ सालच्या 'टू द लाइटहाऊस' ह्या कादंबरीत तत्त्वज्ञ रॅमझी ह्यांचा मुलगा चित्रकार लिली ब्रिस्को हिला वडिलांचे काम समजावून सांगतो : आपण तेथे नसताना स्वयंपाकघरातले टेबल कसे असेल, ह्याची कल्पना करा. लिलीच्या मनात टेबल उभे राहते ते नाशपातीच्या झाडाच्या बेचक्यात अडकलेले, चारही पाय वर केलेले. पण ते घासूनपुसून स्वच्छ केलेले असते, वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्याच्या लाकडाच्या रेषा उघड्या पडलेल्या असतात. तत्त्वज्ञाला जे दिसले नाही ते चित्रकाराला दिसले : ह्या टेबलावर कोणाचे तरी श्रम खर्ची पडलेले आहेत. पुढे २००६ साली सारा अहमद ह्यांनीही तत्त्वज्ञांच्या लेखनातील टेबलांचा विचार करताना, लिहिण्याचे टेबल मोकळे राहावे म्हणून घरकाम कोण करते, हाच प्रश्न विचारला.

२. फळी

टेबलाचे दुसरे पर्व १९२७ साली सुरू झाले. खगोलभौतिकीचे अभ्यासक आर्थर एडिंग्टन ह्यांनी त्या वर्षी एडिंबरो येथे दिलेली व्याख्याने १९२८ साली ग्रंथरूपाने निघाली. आपल्यासमोर दोन टेबले आहेत, असे सांगून त्यांनी आरंभ केला. एक नेहमीचे टेबल : रंग असलेले, टिकाऊ, भरीव. दुसरे विज्ञानाचे टेबल : बहुतांशी मोकळी जागा आणि तीत विरळपणे विखुरलेले, वेगाने धावणारे विद्युत्कण. आधुनिक भौतिकीने दुसरेच टेबल खरे ठरविले आहे, असा त्यांचा सूर होता. त्याच ग्रंथात पुढे, खोलीत शिरताना जमिनीच्या फळीवर पाऊल ठेवणे किती बिकट आहे ह्याचे त्यांनी गमतीदार वर्णन केले. फळी सूर्याभोवती सेकंदाला वीस मैल वेगाने धावते आहे, शिवाय तिच्यात भरीवपणा नाही. तिच्यावर पाऊल ठेवणे म्हणजे माशांच्या थव्यावर पाऊल ठेवणे होय.

सुञ्ञतेच्या समर्थनार्थ आमच्याकडे उद्धृत होते ते हेच टेबल. म्हणून त्याला इंग्रजीतच जे उत्तर मिळाले ते अधिक प्रसिद्ध व्हावयास हवे होते. ते उत्तर सुझन स्टेबिंग ह्यांनी १९३७ साली 'तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्रज्ञ' ह्या ग्रंथात दिले. स्टेबिंग ह्या १९३३ साली लंडन येथे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये ह्या विषयाचे प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा मुद्दा साधा आणि बिनतोड आहे. 'भरीव' हा शब्द आपण फळीसारख्या वस्तूंवरूनच शिकलो. जी पाऊल पेलते ती भरीव, जी पेलत नाही ती पोकळ किंवा कुजलेली. फळीच भरीव नाही असे म्हटले तर भरीव म्हणजे काय, हे सांगण्यास एकही उदाहरण उरत नाही, आणि मग 'भरीव नाही' ह्या वाक्यालाही अर्थ उरत नाही. अणूची रचना फळीचा भरीवपणा खोटा ठरवीत नाही. फळी भरीव का असते ह्याचे स्पष्टीकरण करते.

ऑक्सफर्डचे ऑस्टिन ह्यांच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिया' ह्या मरणोत्तर, १९६२ साली निघालेल्या व्याख्यानांतही हाच रोख आहे. तत्त्वज्ञ सामान्य माणसाला 'जडवस्तू' दिसतात असे म्हणतात आणि उदाहरणे देतात ती टेबल, खुर्ची, चित्र, पुस्तक, पेन ह्यांचीच. जणू जगात दुकानात मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या मालाखेरीज काही दिसतच नाही. माणसे, आवाज, नद्या, इंद्रधनुष्य, सावल्या ह्यांचे काय, असा ऑस्टिन ह्यांचा खोचक प्रश्न आहे. पाण्यात बुडविलेली काठी वाकडी दिसते ह्यात फसवणूक कसली? पाणीही आपल्याला दिसतेच आहे.

स्टेबिंग व ऑस्टिन ह्यांचा आग्रह असा की, दृष्टान्तासाठी वस्तू घेतली की तिला बोलू द्यावे. सिद्धान्ताने तिचे तोंड बंद करू नये. आमच्या मते बौद्ध वाचकासाठी ह्यात भाषेच्या प्रश्नाहून मोठे काही आहे. फळी खरी नाही असे एकदा मान्य केले की, भाकरीही खरी नाही, भूकही खरी नाही आणि पाठीवरचा कोरडाही खरा नाही, इथपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. जग मिथ्या आहे हे मत ह्या देशात पूर्वीपासून आहे, आणि त्याने कोणाच्या दुःखाचे निवारण झाले, ह्याचे उत्तर आमच्या वाचकांस सांगावयास नको. तथागतांचे पहिले आर्यसत्य दुःख आहे हे आहे. दुःख भासमान आहे हे नव्हे.

३. घड्याळ आणि कोट

वस्तूमागचे हात दृष्टीआड केले म्हणजे केवढी तार्किक चूक घडू शकते, ह्याचे ठळक उदाहरण पेली ह्यांचे घड्याळ होय. माळरानावर दगड सापडला तर तो तेथे अनादिकाळापासून होता असे म्हणता येईल. पण घड्याळ सापडले तर त्याला कर्ता असलाच पाहिजे. सृष्टी घड्याळाहून गुंतागुंतीची आहे, म्हणून तिलाही कर्ता आहे. इंग्रजी भाषेत ईश्वराच्या सिद्धीसाठी इतका लोकप्रिय झालेला दुसरा दृष्टान्त क्वचितच असेल. १८५९ साली डार्विन ह्यांच्या ग्रंथाने सजीवांची रचना कर्त्यावाचून कशी घडते हे दाखविले आणि ह्या युक्तिवादाचा पायाच ढासळला.

परंतु डार्विनपूर्वीही घड्याळ पेली ह्यांच्या बाजूने साक्ष देत नव्हते. ह्यूम ह्यांच्या १७७९ साली निघालेल्या संवादांत हा प्रश्न आधीच विचारलेला आहे : घर, जहाज वा नगर उभारण्यास पुष्कळ माणसे लागतात, मग सृष्टीच्या बाबतीत एकच कर्ता का मानावा? सुंदर जहाज बांधणारा सुतार कदाचित सामान्य बुद्धीचा असेल आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुका व दुरुस्त्यांतून आलेली कला केवळ गिरवीत असेल. चार्ल्स बॅबेज ह्यांनी १८३२ सालच्या ग्रंथात घड्याळाच्या धंद्याच्या १०२ वेगवेगळ्या शाखा असल्याची साक्ष नोंदविली आहे. प्रत्येक शाखेत मुलाला स्वतंत्रपणे उमेदवारीस ठेवता येई. म्हणजे पेली ह्यांच्या खिशातले घड्याळही एका कर्त्याचे नव्हते. त्यांनी ते नीट उलगडून पाहिले असते तर एका निर्मात्याऐवजी शेकडो कारागीर भेटले असते.

ह्याच्या अगदी उलट टोकाला ॲडम स्मिथ ह्यांचा कोट आहे. १७७६ सालच्या ग्रंथातील टाचणीच्या कारखान्याचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो : काम सुमारे अठरा क्रियांत वाटले गेले म्हणजे दहा माणसे दिवसाला ४८,००० हून अधिक टाचण्या करतात. परंतु त्याच प्रकरणाच्या शेवटी येणारा मजुराच्या जाड्याभरड्या लोकरी कोटाचा दृष्टान्त आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मेंढपाळ, लोकर निवडणारा, विंचरणारा, रंगारी, कातणारा, विणकर, मग रंगद्रव्ये आणणारे व्यापारी व खलाशी, जहाज बांधणारे, शिडे व दोर करणारे, कातर घडविण्यासाठी खाणीत उतरणारे आणि भट्टी पेटविणारे : एका कोटातून स्मिथ हजारो माणसांपर्यंत पोहोचतात. हे असल्यामुळे ते आहे, ह्या प्रत्ययाचे इतके स्पष्ट चित्र इंग्रजी अर्थशास्त्रात आम्हांस अन्यत्र आढळले नाही.

तथापि समीक्षकाने येथे थांबता कामा नये. हा उतारा संपतो तो, युरोपातील काटकसरी शेतकऱ्याचे राहणीमान आफ्रिकेतील एखाद्या राजाहूनही वरचढ आहे अशा तुलनेने. आणि त्या राजाच्या प्रजेचा उल्लेख तेथे नग्न रानटी लोक असा तुच्छतेने केलेला आहे. दूरदूरच्या देशांतून आलेल्या रंगद्रव्यांची नोंद करणाऱ्या ह्या उताऱ्यात ती द्रव्ये पिकविणाऱ्यांची गणना होत नाही. स्मिथ ह्यांनी गुलामगिरीवर अन्यत्र टीका केली आहे, हे खरे. पण ज्या दृष्टान्ताने हात मोजावयास शिकविले, त्यानेच काही हात मोजणीबाहेर ठेवले, हेही तितकेच खरे.

४. रथ, तराफा आणि पाण्याचे पात्र

आता पालि परंपरेकडे वळू. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भन्ते नागसेनांकडे पुन्हा पुन्हा उपमेची मागणी करतो. रथाचा प्रसिद्ध संवाद टेबलाच्या तुलनेत वाचण्यासारखा आहे. नागसेन राजाला प्रथम विचारतात की, आपण पायी आलात की वाहनाने? उन्हाने तापलेल्या वाळूखड्यांवरून चालला असता तर आपले पाय पोळले असते. राजा रथाने आला आहे. मग दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके, सांगाडा, जू, लगाम म्हणजे रथ का, असे प्रश्न येतात आणि ह्या सर्वांच्या आधारे 'रथ' हा व्यवहार चालतो असे राजा मान्य करतो. ह्या संवादाचा आधार म्हणून नागसेन भिक्खुणी वजिरेच्या गाथेचा उल्लेख करतात. म्हणजे हा दृष्टान्त एका स्त्रीच्या मुखातून परंपरेत आला आहे, हे विसरता येत नाही.

रथ भास आहे असे नागसेन म्हणत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. राजा रथाने आला हे दोघांनाही मान्य आहे. नाकारली जाते ती सुट्या भागांपलीकडे लपलेली 'रथ' नावाची वेगळी सत्ता. इंग्रजी तत्त्वज्ञानात ह्याच्या सर्वांत जवळ जाणारा दृष्टान्त टेबलाचा नसून गिल्बर्ट राईल ह्यांच्या १९४९ सालच्या ग्रंथातील आहे. ऑक्सफर्डला आलेला पाहुणा महाविद्यालये, ग्रंथालये, क्रीडांगणे, कचेऱ्या पाहून झाल्यावर विचारतो, 'पण विद्यापीठ कोठे आहे?' डावा हातमोजा, उजवा हातमोजा आणि शिवाय जोडी अशा तीन वस्तू मोजण्यासारखीच ही चूक आहे. देहाच्या आत वेगळे मन बसलेले आहे ह्या कल्पनेविरुद्ध राईल ह्यांनी हा दृष्टान्त योजला. अनत्त शिकविणाऱ्याने इंग्रजीतून काही घ्यावयाचेच असेल, तर एडिंग्टनचे टेबल सोडून हे उदाहरण घ्यावे.

सुत्तांतील अन्य उपमांतही वस्तू कोणाच्या तरी हातात असते. अलगद्दूपम सुत्तातील तराफा माणूस स्वतःच गवत, काटक्या, फांद्या गोळा करून बांधतो, हातापायांचे बळ लावून पैलतीर गाठतो, आणि मग प्रश्न येतो की आता तो डोक्यावर घेऊन हिंडावे काय? वीणेच्या तारांची उपमा दिली जाते ती सोण ह्या भिक्खूला, जो गृहस्थाश्रमात स्वतः वीणा वाजविण्यात कुशल होता. अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात राहुलाने पाय धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातले थोडे पात्रात ठेवून तथागत ते त्याला दाखवितात, ओततात, पात्र पालथे घालतात, रिकामे उघडे धरतात आणि प्रत्येक वेळी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याच्या श्रमणपणाशी त्याची सांगड घालतात. वस्तू येथे शीलाच्या कामी येते. नागार्जुनांनी मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात जे प्रतीत्यसमुत्पन्न तेच शून्य असे सांगितले. त्याचा अर्थही वस्तू पोकळ आहे असा नसून, ती अनेक कारणांच्या आधाराने उभी आहे, असाच घ्यावयास हवा. कारणे आहेत म्हणूनच ती बदलता येतात.

५. विटांची भिंत

इंग्रजी दृष्टान्तपद्धती आत्मसात करून तिला नवे वळण कसे द्यावे, ह्याचा वस्तुपाठ बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी घालून दिला आहे. कोलंबिया व लंडन येथे शिकलेल्या बाबासाहेबांना हे वाङ्मय परके नव्हते. रसेल ह्यांच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचे त्यांनी १९१८ साली सविस्तर परीक्षण केले होते. 'मूकनायक'च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजले आहेत, पण एकावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. आणि १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' ह्या इंग्रजी निबंधात त्यांनी विटांची भिंत व काटेरी तारेचे कुंपण ह्या वस्तू पुढे केल्या त्या नकारासाठी : जात ही अशी पाडून टाकण्याजोगी भौतिक वस्तू नाही, ती मनाची धारणा आहे.

हे उदाहरण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. मनाची धारणा आहे म्हणून जात खोटी आहे, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. ज्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्यांना ओंजळभर पाणीही किती भरीव असते हे ठाऊक होते. धारणा आहे म्हणून ती कशावर उभी आहे हे शोधावे आणि तिला आधार देणाऱ्या शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घालावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वस्तू आणि धारणा ह्यांतला भेद दाखवून कारणापर्यंत पोहोचणे, हाच मार्ग नागसेनांच्या रथानेही दाखविला होता.

ह्या विवेचनावरून धम्मवर्ग चालविणाऱ्या उपासकांना व पुस्तिका लिहिणाऱ्या अभ्यासकांना आमची सूचना अशी की, इंग्रजी ग्रंथांतील दृष्टान्त जरूर घ्यावेत. स्वतःच्या अनुभवावर पडताळून पाहण्याची त्यांनी लावलेली शिस्त धम्माला जवळची आहे. मात्र दृष्टान्तातील वस्तू कोणी घडविली, ती कोणाच्या वापरात आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष दुःख व त्याची कारणे उघड करतो की झाकतो, हे आधी विचारावे. स्टेबिंग ह्यांची फळी, राईल ह्यांचे हातमोजे आणि मोजणीबाहेर राहिलेले हात भरून काढल्यानंतरचा स्मिथ ह्यांचा कोट ह्या कसोटीस उतरतात. पेली ह्यांचे घड्याळ व एडिंग्टन ह्यांचे पोकळ टेबल उतरत नाहीत. विज्ञानाची साक्ष मिळते ह्या मोहापायी ते टेबल विहारातील प्रवचनात ठेवण्याची आवश्यकता नाही. सुञ्ञता शिकवावयाची असेल तर विहारातल्याच पाण्याच्या माठापासून आरंभ करावा : तो कोणत्या मातीचा, कोणत्या कुंभाराच्या हातचा, तो रोज कोण भरते, आणि त्याला स्पर्श करण्याचा अधिकार सर्वांना कोणत्या संघर्षातून मिळाला.